लाल ठिपका लावला, तरी कोड थांबत का नाही?

कॉलेजांमध्ये प्लेसमेंटचा हंगाम सुरू झाला की इंदूरच्या मराठी घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. मुलगी किंवा मुलगा रात्री दोन-दोनपर्यंत लॅपटॉपसमोर बसलेला असतो आणि विचारलं की उत्तर मिळतं, "कोड बरोबर आहे, पण हा एडिटर काहीतरीच करतोय." आईवडिलांना यातलं काही कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मुलांनाही फारसं कळत नसतं. ज्या ओळीवर थांबायला सांगितलं तिथे प्रोग्रॅम थांबत नाही. नीट चालणाऱ्या कोडखाली लाल रेघा उमटतात. काल इन्स्टॉल केलेली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, आज सापडत नाही म्हणे. आणि चूक शोधायला डीबगर लावावा, तर चूकच नाहीशी होते!

भंवरकुआँच्या आसपास खोल्या घेऊन राहणारी, खंडवा, खरगोन, बुऱ्हाणपूरहून शिकायला आलेली कितीतरी मुलं 'कोडिंग आपल्याला जमायचं नाही' असं पहिल्या वर्षीच मनाशी ठरवून टाकतात. त्यांच्याशी बोलून बघा. अल्गोरिदम त्यांना समजलेला असतो. हत्यारानं दगा दिला आणि दोष मात्र त्यांनी स्वतःकडे घेतला, एवढंच झालेलं असतं. मला हे फार लागतं. कारण या बहुतेक त्रासांच्या मुळाशी एकच गोष्ट असते आणि ती त्यांना कुणी नीट सांगितलेली नसते: पडद्यावर तुम्ही जो कोड बघताय आणि यंत्रात जो कोड चालतोय, ते दोन्ही एकच असतील याची हमी कुणीही दिलेली नाही.

आधी तीन शब्द

एडिटर म्हणजे कोड लिहायची जागा. व्हीएस कोड, पायचार्म, एक्लिप्स ही त्यातली नेहमीची नावं. डीबगर म्हणजे चालू प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते बघू देणारं साधन. आणि ब्रेकपॉइंट म्हणजे 'या ओळीशी आलास की थांब' अशी खूण. ओळीच्या डावीकडे क्लिक केलं की लाल ठिपका येतो, तोच. एवढ्यावर आपलं काम भागेल.

एडिटर एकटा नसतो

व्हीएस कोड मायक्रोसॉफ्टनं २०१५ साली लोकांपुढे आणला आणि आज बहुतेक विद्यार्थी त्यावरच शिकतात. तो एक प्रोग्रॅम आहे असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पडद्यामागे बरेच जण राबत असतात. मजकूर लिहायची खिडकी हा एक. तुमची भाषा, म्हणजे पायथन किंवा जावा, समजणारा दुसरा. त्याला लँग्वेज सर्व्हर म्हणतात. तुम्ही वरून घातलेली एक्स्टेन्शन्स, म्हणजे जोडसाधनं, आणखी वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालतात. डीबगर निराळा. खाली जे टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, दिसतं, तेही निराळं.

एडिटर आणि लँग्वेज सर्व्हर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याचे नियम मायक्रोसॉफ्टनं रेड हॅट आणि कोडएन्व्ही या कंपन्यांबरोबर २०१६ मध्ये जाहीर केले. त्याचा फायदा मोठा झाला. एका भाषेसाठी एकदा सर्व्हर लिहिला की तो कुठल्याही एडिटरला वापरता येतो. पण सामान्य वापरणाऱ्याला एक गोष्ट कुणी सांगितली नाही. लाल रेघ ओढणारा आणि कोड चालवणारा, हे दोघे वेगळे आहेत. लाल रेघ म्हणजे लँग्वेज सर्व्हरचं मत. ते चुकीचं असू शकतं, शिळंही असू शकतं.

याचं सर्रास दिसणारं उदाहरण पायथनचं. टर्मिनलमध्ये लायब्ररी इन्स्टॉल केली, 'झालं' असा निरोपही आला, आणि एडिटर म्हणतो अशी लायब्ररीच नाही. मुलं पुन्हा इन्स्टॉल करतात, पुन्हा तोच निरोप, आणि जीव मेटाकुटीला येतो. लॅपटॉपवर नीट बघितलं तर पायथन एक नसतंच. एक पायथनच्या संकेतस्थळावरून उतरवलेलं, एक ॲनाकोंडा नावाच्या संचाबरोबर आलेलं, एक प्रोजेक्टपुरतं बनवलेलं. लायब्ररी गेली एकात आणि एडिटर बघतोय दुसऱ्यात. व्हीएस कोडमध्ये पायथनची फाइल उघडी असताना उजव्या कोपऱ्यात खाली आवृत्तीचा आकडा दिसतो. त्यावर क्लिक केलं की लॅपटॉपवरच्या सगळ्या पायथनांची यादी त्यांच्या पूर्ण पत्त्यासकट उघडते. तिथून योग्य तो निवडा. आणि इन्स्टॉल करताना नुसतं 'पिप' (लायब्ररी बसवणारी कमांड) न म्हणता 'पायथन' लिहून पुढे 'डॅश एम पिप' जोडा. म्हणजे जो पायथन चालतोय त्याच्याच घरात सामान जाईल.

सेटिंगचंही असंच. तुम्ही तुमच्या सेटिंगमध्ये बदल करता आणि काहीच फरक पडत नाही, कारण प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येही एक सेटिंगची फाइल असते आणि तिचा शब्द तुमच्या शब्दाच्या वर चालतो. कुणाचं तरी प्रोजेक्ट उतरवून घेतलं असेल तर आधी ती उघडून वाचा.

संहिता आणि प्रयोग

आता ब्रेकपॉइंटकडे येऊ. इथे सगळ्यांत जास्त डोकं फुटतं, म्हणून जरा सावकाश.

इंदुरात मराठी नाटकं बघणाऱ्यांना विंगेत संहिता घेऊन उभा राहणारा प्रॉम्प्टर माहीत आहे. समजा त्याला सांगितलं, 'तिसऱ्या पानावरचं अमुक वाक्य आलं की मला खूण कर.' तो हातातल्या संहितेवर बोट ठेवून वाट बघतो. रंगमंचावरचे नट मात्र संहिता वाचत नसतात, तालमीत जे पाठ झालं ते बोलत असतात. काल रात्री लेखकानं तिसरं पान बदललं आणि नव्या पानाची तालीमच झाली नाही, तर प्रॉम्प्टर ज्या वाक्याची वाट बघतोय ते आज कुणी बोलणारच नाही. चूक प्रॉम्प्टरची नाही आणि नटांचीही नाही. दोघांकडच्या प्रती वेगळ्या आहेत.

तुमची फाइल ही संहिता. चालू प्रोग्रॅम हा प्रयोग. बिल्ड किंवा कंपाइल करणं, म्हणजे लिहिलेल्या कोडचा यंत्राला चालवता येईल असा प्रोग्रॅम बनवणं, ही तालीम. डीबगर प्रॉम्प्टरच्या जागी आहे, आणि संहितेतली कुठली ओळ प्रयोगात कुठे येते याचा एक नकाशा त्याच्या हाती असावा लागतो. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये हा नकाशा आपण मागितला तरच मिळतो. कंपाइल करताना 'डॅश जी' लिहितात ते त्यासाठी. ते विसरलं की डीबगर आंधळा.

थांबवण्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर डीबगर नकाशात बघून त्या ओळीची यंत्रभाषेतली पहिली सूचना शोधतो. तिचा पहिला बाइट बाजूला जपून ठेवतो आणि त्या जागी 'इंट ३' नावाची एका बाइटची सूचना लिहितो. प्रोसेसर चालत चालत तिथे आला की अडतो, ऑपरेटिंग सिस्टिम डीबगरला उठवते, डीबगर मूळ बाइट परत जागेवर ठेवतो आणि तुम्हाला ती ओळ पिवळी करून दाखवतो. म्हणजे डीबगर तुमच्या चालू प्रोग्रॅममध्ये खरोखर फेरफार करतो. पायथनमध्ये असं करावं लागत नाही. तिथे इंटरप्रिटर, म्हणजे कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, स्वतःच 'मी आता या ओळीवर आलो' असं कळवतो. पूर्वी हे कळवणं फार महाग पडे आणि डीबगर लावला की प्रोग्रॅम रांगू लागे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ मध्ये यासाठी हलकी सोय दिली आहे.

यातून निघणारी कामाची गोष्ट अशी. नकाशात ती ओळ सापडलीच नाही, तर ब्रेकपॉइंट लावायला जागाच नाही. व्हीएस कोड हे तुम्हाला दाखवतो. प्रोग्रॅम सुरू केल्यावर भरीव लाल ठिपका पोकळ आणि करडा होतो. माऊस त्यावर नेला तर कारणही लिहून येतं. माझ्या मते सगळ्या पडद्यावर याहून मोलाची खूण दुसरी नाही, आणि ती इतकी बारीक ठेवली आहे की शंभरातल्या नव्वदांना दिसत नाही. साधन बनवणाऱ्यांनी इथे ठळक शब्दांत सांगायला हवं होतं.

करडा ठिपका: एक खरा प्रसंग

रामबागेत आमच्या शेजारी राहणारी एक मुलगी वेबसाइटचं प्रोजेक्ट घेऊन आली. "मावशी, ब्रेकपॉइंट लागतच नाहीये. आणि मी मजकूर बदलला तरी पेजवर जुनंच येतंय." ठिपका करडा होता. तिनं एडिटर पुन्हा टाकून बघितला होता, लॅपटॉप चार वेळा बंद-चालू केला होता.

मी तिला म्हटलं, "अगं, त्या फाइलच्या पहिल्याच ओळीत काहीतरी बाष्कळ लिही. भाषेला अजिबात चालणार नाही असं." तिनं मराठीत 'इथे थांब रे बाबा' असं लिहिलं, फाइल सेव्ह केली आणि वेबसाइट चालवणारा सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. वेबसाइट निमूटपणे उघडली. कसली तक्रार नाही, एरर नाही.

आता उत्तर समोर होतं. त्या फाइलमध्ये असं वाक्य असताना प्रोग्रॅम चालूच शकत नाही. चालला, म्हणजे चालणारी फाइल ती नव्हेच. टर्मिनलचा पत्ता वाचला तर तो डाउनलोड्स फोल्डरमधला, आणि एडिटरमध्ये उघडलेलं प्रोजेक्ट डेस्कटॉपवरचं. झिप दोनदा उघडली गेली होती. दोन्ही फोल्डरांचं नाव तेच, आतल्या फाइली त्याच. दिवसभर ती एका फोल्डरात दुरुस्ती करत होती आणि दुसऱ्याला चालवत होती.

ही अशक्य ओळ घालून बघण्याची पद्धत मी सगळ्यांना सांगते. तिला मिनिटसुद्धा लागत नाही आणि पाणी कुठे मुरतंय ते लगेच कळतं. प्रोग्रॅम कोसळला तर फाइल बरोबर आहे, पुढचं बघा. कोसळला नाही तर कोड वाचत बसण्यात अर्थच नाही, आधी खरी फाइल शोधा.

फोल्डर बरोबर निघाला तरी प्रती वेगळ्या पडण्याच्या आणखी जागा आहेत. फाइल सेव्हच केलेली नसते; टॅबवर फुलीच्या जागी गोल ठिपका दिसत असेल तर समजावं. जावामध्ये बिल्ड चुकल्यामुळे जुनंच बिल्ड चालत राहतं. ब्राउझरनं जुनी फाइल जपून ठेवलेली असते. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये 'डिसेबल कॅश' अशी चौकट आहे, पण ती खिडकी उघडी आहे तोवरच तिचा अंमल चालतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. फ्लास्क आणि जँगो या पायथनमध्ये वेबसाइट बनवायच्या साधनांत आणखी एक भानगड आहे. फाइल बदलली की सर्व्हर आपोआप पुन्हा सुरू व्हावा म्हणून ते एक दुसरी प्रोसेस उघडतात आणि तुमचा कोड त्या दुसरीत चालतो. डीबगर पहिलीला चिकटून बसला असेल तर तो जन्मभर वाट बघेल. डीबग करताना हा आपोआप रीलोड बंद ठेवावा.

ओळ आहे, पण बोललीच जात नाही

काही वेळा फाइल तीच, बिल्ड ताजं, तरी डीबगर तिसऱ्या ओळीवरून सातव्यावर उडी मारतो, मग परत पाचव्यावर येतो. व्हेरिएबलची किंमत विचारली तर जीडीबी हा सी, सी प्लस प्लसचा डीबगर म्हणतो 'ऑप्टिमाइझ्ड आउट'.

इथे कंपायलरनं दिग्दर्शकाचं काम केलेलं असतं. प्रयोग वेगवान व्हावा म्हणून त्यानं काही वाक्यं गाळली, काहींची जागा बदलली. शेवट तोच राहतो, पण ओळीला ओळ जुळत नाही. जे व्हेरिएबल तुम्ही शोधताय ते त्या क्षणी मेमरीत कुठे ठेवलेलंच नसतं. त्यामुळे डीबगर जे म्हणतो ते खरं आहे. उपाय म्हणजे शिकताना आणि चूक शोधताना वेगासाठीचे हे फेरफार, म्हणजे ऑप्टिमायझेशन, बंद ठेवून कंपाइल करायचं. जीसीसी या कंपायलरमध्ये २०१३ पासून, म्हणजे ४.८ आवृत्तीपासून, 'ओजी' नावाचा मधला पर्यायही आहे, ज्यात गती थोडी मिळते आणि डीबगिंगही बिघडत नाही.

वेबच्या कोडमध्ये याचंच दुसरं रूप दिसतं. तुम्ही लिहिता टाइपस्क्रिप्ट, ब्राउझर चालवतो त्यापासून बनलेलं जावास्क्रिप्ट, बरेचदा एकाच लांबलचक ओळीत कोंबलेलं. दोघांमधला नकाशा म्हणजे सोर्स मॅपची फाइल. ती नसेल, जुनी असेल किंवा तिच्यातला पत्ता चुकला असेल, तर ठिपका भलत्याच ओळीवर सरकतो.

डीबगर लावला की चूक पळून का जाते?

या प्रकाराला प्रोग्रॅमर 'हायझेनबग' म्हणतात. जिम ग्रे यांनी १९८५ मधल्या त्यांच्या अहवालात हा शब्द वापरला होता, म्हणजे दुखणं जुनंच आहे.

त्यात गूढ काही नाही. तुमच्या प्रोग्रॅममध्ये दोन कामं एकाच वेळी चालली आहेत आणि आधी कोण पोचतं यावर निकाल ठरतो, असं समजा. ब्रेकपॉइंटनं एकाला थांबवलं की दुसऱ्याला निवांत वेळ मिळतो आणि क्रम बदलतो. चूक तिथेच असते, ती घडण्याची परिस्थिती तेवढी उरत नाही. उलटही होतं. तुम्ही ब्रेकपॉइंटवर दोन मिनिटं विचार करत बसता, तेवढ्यात डेटाबेसची जोडणी वाट बघून तुटते आणि एक नवीच एरर येते, जी एरवी कधी आलीच नसती. तिच्यामागे लागून संध्याकाळ घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

अशा वेळी लॉगपॉइंट वापरा. व्हीएस कोडमध्ये तो पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा दिसतो. तो थांबवत नाही, त्या ओळीशी आल्यावर तुम्ही सांगितलेला मजकूर छापतो आणि पुढे जाऊ देतो. छापण्यातही थोडा वेळ जातोच, पण थांबण्याच्या तुलनेत नगण्य.

आणि वॉच खिडकीत, म्हणजे हव्या त्या किमती दाखवणाऱ्या डीबगरच्या खिडकीत, काय लिहिता याकडे लक्ष असू द्या. तिथे लिहिलेली प्रत्येक गोष्ट डीबगर दर पावलाला खरोखर चालवतो. पायथनमध्ये तिथे 'नेक्स्ट', म्हणजे 'पुढची वस्तू काढून दे', असं लिहिलं तर प्रत्येक पावलाला यादीतली एक वस्तू खर्ची पडते, आणि मग लूपला वस्तू कमी का मिळाल्या म्हणून आपण हैराण. बघायच्या खिडकीत फक्त बघणारं लिहावं, बदलणारं लिहू नये.

मग साधं प्रिंटच काय वाईट?

काहीच वाईट नाही. अनुभवी लोकही रोज प्रिंटच, म्हणजे मध्येमध्ये किमती पडद्यावर छापून बघणंच, वापरतात आणि 'डीबगर वापरता येत नाही म्हणजे तू कच्चा' असं म्हणणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. पण प्रिंट नेहमी खरं सांगतं असंही नाही.

सी भाषेत छापलेला मजकूर लगेच पडद्यावर जातोच असं नाही. तो आधी साठवला जातो. एडिटरच्या खिडकीत चालवताना तर काही वेळा मोठा साठा झाल्यावरच बाहेर येतो. तेवढ्यात प्रोग्रॅम कोसळला तर साठलेलं सगळं गेलं. तुम्हाला वाटतं तिसऱ्या प्रिंटच्या आधी कोसळला, प्रत्यक्षात तो दहाव्या प्रिंटच्या पुढे पोचलेला असतो. म्हणून अशा ठिकाणी एरर स्ट्रीमवर छापावं किंवा प्रत्येक वेळी फ्लश करावं, म्हणजे साठा लगेच बाहेर काढावा.

क्रोमच्या कन्सोलमध्ये याहून फसवी गोष्ट घडते. एखादं ऑब्जेक्ट छापलं आणि शेजारच्या बाणावर क्लिक करून ते उघडलं, तर आत दिसतं ते छापतानाचं नसतं, क्लिक करतानाचं असतं. मधल्या काळात ते बदललं असेल तर तुम्ही भविष्यातली किंमत वाचून भूतकाळाचा निष्कर्ष काढता. ब्राउझर शेजारी एक बारीक 'आय' चिन्ह दाखवतो, त्यावर माऊस नेला की हेच सांगतो. छापायच्या आधी त्या ऑब्जेक्टची प्रत काढून किंवा मजकुरात बदलून छापली की प्रश्न मिटतो.

आणि रिॲक्ट या वेबसाइट बनवायच्या साधनात एकच प्रिंट दोनदा आलं तर घाबरू नका. स्ट्रिक्ट मोडमध्ये शिकताना आणि तपासताना ते मुद्दाम तसं करतात. प्रत्यक्ष लोकांसाठी प्रसिद्ध केलेल्या बिल्डमध्ये तसं होत नाही.

न दिसणारी अक्षरं, आणि आपली देवनागरी

व्हॉट्सॲपवरून, वर्डमधून किंवा पीडीएफमधून कोड उचलला की त्याच्याबरोबर पाहुणे येतात. सरळ अवतरणचिन्हाच्या जागी वळणदार, साध्या स्पेसच्या जागी न तुटणारी स्पेस. डोळ्यांना फरक दिसत नाही, कंपायलरला दिसतो. अलीकडचा पायथन अशा अक्षराचा युनिकोड क्रमांकच (जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला दिलेला ठरावीक आकडा) सांगतो, तेव्हा एरर शेवटपर्यंत वाचावी. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी तर दाखवून दिलं की मजकुराची दिशा बदलणारी अदृश्य अक्षरं घालून असा कोड लिहिता येतो, जो माणसाला एक दिसतो आणि कंपायलरला दुसराच. त्यानंतर व्हीएस कोड अशा अक्षरांभोवती चौकट काढू लागला.

मराठीत काम करणाऱ्यांना हे जास्त भोवतं. 'इंदूर' हा शब्द आपण तीन अक्षरांचा मोजतो. पायथनला त्याची लांबी विचारा, तो पाच सांगेल. इ, अनुस्वार, द, दीर्घ उकार, र. तो बरोबर आहे, त्याची मोजणी वेगळी आहे. म्हणून देवनागरी असलेल्या ओळीत एररचा बाण दोन-चार घरं सरकलेला दिसतो.

याहून वाईट 'बुऱ्हाणपूर'. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली ठिपका असलेला 'ऱ' आणि हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मागोमाग एक अदृश्य जोडणारं अक्षर. कुठला कीबोर्ड वापरला त्यावर ते ठरतं. दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात. पण एकाची लांबी दहा आणि दुसऱ्याची अकरा. दोघांची तुलना केली की प्रोग्रॅम 'वेगळे आहेत' म्हणतो, आणि डीबगरच्या खिडकीत मात्र दोन्ही किमती एकीखाली एक, सारख्याच! गावांच्या यादीत आपलं गाव शोधणाऱ्या मुलानं इथे हात टेकले तर त्याला बोल लावता येणार नाही. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची सोय, तीही या दोघांना एक करत नाही. संशय आला की लांबी छापा, मग एकेका अक्षराचा क्रमांक छापा, आणि डेटा आत घेतानाच दुसरं रूप पहिल्यात बदलून टाका.

एडिटर काढून पुन्हा टाकला तर?

बहुधा काही होत नाही, आणि त्याला कारण आहे. तुमची सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन्स एडिटरच्या फोल्डरमध्ये राहतच नाहीत. ती तुमच्या खात्याच्या वेगळ्या फोल्डरात असतात, आणि एडिटर काढला तरी तिथेच थांबतात. नवा एडिटर आला की जुनंच बिऱ्हाड पुन्हा उघडतो.

एडिटर अडकत असेल, सेव्ह करताच कोडची मांडणी उलटसुलट होत असेल, तर संशय एक्स्टेन्शनवर घ्यावा. मांडणी करणारी दोन एक्स्टेन्शन्स एकाच फाइलवर हक्क सांगत असली की हेच होतं. एकेक बंद करून बघायची गरज नाही. व्हीएस कोडच्या मदत मेनूत 'एक्स्टेन्शन बायसेक्ट' आहे. तो निम्मी बंद करतो आणि विचारतो, त्रास आहे का? मग उरलेल्यांतली निम्मी. बत्तीस एक्स्टेन्शन्स असतील तरी पाच प्रश्नांत गुन्हेगार सापडतो.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एक खास सूचना. मोठं प्रोजेक्ट उघडल्यावर 'डिस्कवर जागा नाही' अशी एरर येते, आणि डिस्क तर निम्मी रिकामी असते. भरलेली असते ती वेगळीच मर्यादा, एकाच वेळी किती फाइलींवर नजर ठेवता येईल याची. लिनक्सच्या जुन्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ती ८,१९२ होती, आणि नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाच्या एका साध्या प्रोजेक्टमध्ये याहून जास्त फाइली सहज असतात. फाइली पुसत बसू नका. ती मर्यादा वाढवा किंवा 'नोड मॉड्यूल्स' हा लायब्ररींचा फोल्डर नजरेखालून वगळा.

आता एआय आहे ना, त्याला विचारू

जरूर विचारा. पण तुम्ही चिकटवलेला कोड ही संहिता आहे. तिथला सहायक तीच वाचतो, तुमच्या लॅपटॉपवरचा प्रयोग त्यानं पाहिलेला नसतो. कोडमध्ये चूक नसतानाही तो आत्मविश्वासानं पाच दुरुस्त्या सुचवतो, त्या केल्यावर खरोखरच चूक तयार होते, आणि मूळ त्रास जागच्या जागी. आता स्वतः कमांड चालवू शकणारे सहायकही आले आहेत. त्यांनाही आधी कुठल्या फोल्डरात, कुठल्या पायथननं कोड चालतोय ते तपासायला लावा, दुरुस्तीचं नंतर. नुसतं विचारणार असाल तर कोडच्या वर चार गोष्टी लिहा: चालणाऱ्या फाइलचा पूर्ण पत्ता, इंटरप्रिटरचा पत्ता आणि आवृत्ती, ठिपका भरीव आहे की पोकळ, आणि अशक्य ओळ घातल्यावर प्रोग्रॅम कोसळला की नाही. या चार ओळी लिहिता लिहिताच बऱ्याच मुलांना उत्तर सापडतं आणि प्रश्न पाठवायची वेळ येत नाही.